गोरोबाकाकांचे थापटणे आणि जुनी चित्रे

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते 'तगर' म्हणून माहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख येतो. वारकऱ्यांना मात्र तेर ठाऊक आहे ते संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ मधला आणि त्यांची समाधी १३१७ मधली. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे 'काका'.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सहलीबरोबर मी तेरला गेलो होतो. देवळाबाहेरच्या एका दुकानात गोरोबांची रंगीत चित्रे टांगलेली होती. चिखल तुडवणारे, मिटल्या डोळ्यांनी भजनात रंगलेले गोरोबा आणि पायाशी त्यांचे मूल. सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, हा फोटो खरा आहे का?" बरोबरचे गुरुजी त्याला म्हणाले, "देवाच्या दारात असं विचारू नये." मी शास्त्रज्ञ, मी तत्परतेने म्हणालो, "खरा कसा असेल? तेव्हा कॅमेराच नव्हता!" मुले हसली आणि तो मुलगा गप्प झाला.

परतताना मला जाणवले की आमची दोघांचीही उत्तरे चुकली होती. गुरुजींनी प्रश्न थांबवला आणि मी तो उडवून लावला. त्या मुलाला कॅमेऱ्याचा इतिहास नको होता. गोरोबाकाका असेच दिसत होते का, आणि ते आपल्याला कसे कळणार, एवढेच त्याला हवे होते. हा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. जुन्या चित्रांवरून विद्वानांत जे वाद झाले, ते याच प्रश्नावर झाले आहेत.

मडके कसे पारखावे?

या वादांकडे वळण्यापूर्वी गोरोबांचीच एक प्रसिद्ध कथा आठवू या. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले, की यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबांनी आपले थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला. गोरोबांनी निर्वाळा दिला, की हे मडके कच्चे आहे.

कुंभार मडके वाजवून पाहतो त्यामागे पदार्थविज्ञान आहे. मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणी साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला निघून जाते. मग कण एकमेकांशी घट्ट जोडले जातात आणि मडके खणखणीत वाजते. कच्चे किंवा तडा गेलेले मडके बद्द वाजते. रंग आणि आकार बाहेरून सारखे असले तरी आवाज फसवत नाही.

चित्रांचेही तसेच आहे. फक्त तेथे एकदा वाजवून भागत नाही, तीनदा वाजवावे लागते. पहिला प्रश्न असा, की ही वस्तू म्हणतात तितकी जुनी आहे का? दुसरा, चित्रावरचे नाव कोणी आणि केव्हा दिले? तिसरा, चित्रकाराने त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिले होते का? हे तीन प्रश्न स्वतंत्र आहेत. एकाचे उत्तर 'हो' आले म्हणून उरलेल्या दोहोंचे 'हो' येत नाही. बहुतेक वादांत गोंधळ होतो तो येथेच.

पहिली परीक्षा : वस्तूचे वय

जगप्रसिद्ध लेखकाच्या चित्रांविषयीचे वाद म्हटले, की शेक्सपियरचे नाव येते. त्याचा मृत्यू १६१६ मध्ये झाला. १६२३ मध्ये त्याच्या सहकारी नटांनी त्याची नाटके एकत्र छापली. त्या ग्रंथाच्या आरंभी मार्टिन ड्रूशाउट याने कोरलेले शेक्सपियरचे चित्र आहे. ते फारसे सुबक नाही. पण शेक्सपियरला ओळखणाऱ्या माणसांनी ते ग्रंथात छापले, हे त्याचे बळ.

पुढे या चित्राशी मिळतेजुळते एक रंगीत तैलचित्र पुढे आले. ते 'फ्लॉवर चित्र' म्हणून ओळखले जाते. त्यावर १६०९ हे साल लिहिलेले आहे. साल खरे मानले, तर हे शेक्सपियरच्या हयातीतील चित्र ठरते आणि १६२३ चे छापील चित्र यावरूनच कोरले असावे असे म्हणता येते. अनेकांची तशी समजूत होती. क्ष-किरणांनी पाहिले असता शेक्सपियरच्या खाली दुसरेच चित्र आढळले. ते माता मेरी आणि बाळ येशूचे होते. जुन्या फळीवरच नंतर कोणीतरी शेक्सपियर रंगवला होता. पण 'नंतर' म्हणजे केव्हा?

याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील तज्ज्ञांनी २००५ मध्ये चित्राचे रंग तपासले. त्यांत 'क्रोम यलो' हा पिवळा रंग सापडला. हा रंग म्हणजे लेड क्रोमेट. त्यातील क्रोमियम हे मूलद्रव्य व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये शोधले आणि त्यापासून केलेला रंग चित्रकारांच्या हाती पडला तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. शिवाय तो नंतरच्या डागडुजीत नव्हे, तर मूळ रंगकामातच होता. म्हणजे १६०९ हे साल खोटे. मडके बद्द वाजले.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. रंग जुने निघाले असते तर चित्र जुने ठरले असते, शेक्सपियरचे ठरले नसते. कार्बन-१४ च्या पद्धतीचेही तसेच आहे. कागद ज्या वनस्पतीपासून झाला ती केव्हा मेली, एवढेच ती सांगते. जुन्या कोऱ्या कागदावर आज कोणी चित्र काढले, तरी कागदाचे वय जुनेच येणार. प्रयोगशाळा खोटे पकडू शकते. खऱ्याला नाव देऊ शकत नाही. याच गॅलरीच्या संग्रहात पहिले दाखल झालेले 'चँडॉस चित्र' नि:संशय जुने आहे. तरीही ते शेक्सपियरचे 'बहुधा' आहे, इतकेच तेथील तज्ज्ञ म्हणतात.

दुसरी परीक्षा : नावाचे वय

वस्तू अस्सल आणि नाव चुकीचे, असेही होते. याचे ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. तुळजाभवानीचे तुळजापूर याच धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथे देवीच्या तसबिरींशेजारी छत्रपती शिवाजी महाराजांच्या तसबिरी असतात. टोकदार दाढी, बाकदार नाक आणि शिरपेच लावलेला जिरेटोप असे महाराजांचे रूप आज लहान मूलही ओळखते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी महाराजांचे म्हणून एक वेगळेच चित्र प्रचारात होते. ते इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे होते.

ते चित्र बनावट नव्हते. कोणीतरी चुकीचे नाव दिले आणि छापखान्याने ते घरोघरी पोहोचवले. हजार प्रती निघाल्या म्हणजे पुरावा हजारपट वाढत नाही. चूक मात्र हजारपट पसरते. चेहरा ओळखीचा झाला की तो खरा वाटू लागतो आणि मग शंका घेणाऱ्याचाच राग येतो. कथेतल्या नामदेवांनाही प्रथम रागच आला होता.

ही चूक दुरुस्त करण्याचे श्रेय इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना जाते. त्यांनी १९२८ मध्येच 'साधन-चिकित्सा' नावाचे पुस्तक लिहिले होते. इतिहासाची साधने विश्वास ठेवण्यापूर्वी कशी पारखावीत, हा त्याचा विषय. तीच शिस्त त्यांनी चित्रालाही लावली. परदेशी कागदपत्रे धुंडाळताना त्यांना डच साधनांत महाराजांच्या नावाचे चित्र मिळाले आणि १९३३ मध्ये पुण्यात त्यांनी ते लोकांपुढे आणले. 'चेहरा मराठमोळा दिसतो' हा त्यांचा युक्तिवाद नव्हता. नाव चित्राबरोबर केव्हापासून आहे, हा त्यांचा आधार होता. व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या १७२४ ते १७२६ या काळात निघालेल्या ग्रंथातही महाराजांचे कोरीव चित्र नावानिशी छापलेले आहे.

तिसरी परीक्षा : साक्षीदार किती?

नाव जुने निघाले तरी तिसरा प्रश्न उरतोच. चित्रकाराने महाराजांना पाहिले होते का?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्याचे चित्रकार हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांच्या छोट्या चित्रांचे संच करीत. युरोपीय व्यापारी ते विकत घेत. असे संच लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये आहेत आणि त्यांत महाराजांचे चित्र आहे. महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीला गेले होते. म्हणजे तेथील चित्रकारांना त्यांना पाहण्याची संधी होती. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने महाराजांना १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत पाहिले होते. त्याने १६८६ पूर्वी मीर मुहम्मद या चित्रकाराकडून जी चित्रे करवून घेतली, त्यांत घोड्यावर बसलेले महाराज आहेत. ते चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आता चार-पाच चित्रे सारखी दिसली म्हणजे चार-पाच साक्षी झाल्या का? नाही. एका मूळ चित्रावरून चार नकला झाल्या असतील तर साक्ष एकच. परीक्षेत शेजारी बसलेल्या चार मुलांची एकच चुकीची बेरीज आली, तर गुरुजी काय समजतात? संख्याशास्त्रातला 'स्वतंत्र निरीक्षणे' हा नियम नेमका हाच आहे.

म्हणून चित्राबाहेरची साक्ष मोलाची ठरते. सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलिओ याने जानेवारी १६६४ मध्ये लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे. मध्यम उंची, ताठ व रेखीव बांधा, भेदक नजर आणि इतरांहून उजळ वर्ण, असा त्याचा आशय. ते वर्णनही महाराजांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकलेले आहे. पण ते चित्रावरून लिहिलेले नाही. ही साक्ष वेगळ्या वाटेने आलेली आहे.

पोशाखातूनही खूण मिळते, पण जपून. त्या काळी जामा मुसलमानांनी उजव्या बगलेशी आणि हिंदूंनी डाव्या बगलेशी बांधावा, असा सर्वसाधारण रिवाज होता. जुन्या चित्रांत ही खूण उपयोगी पडते. मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापताना उलटे उमटते. कोरणाऱ्याने मूळ चित्र आधीच उलटून घेतले नसेल, तर डावे उजवे होते. म्हणजे हाताने रंगवलेल्या चित्रात जी खूण पुरावा ठरते, तीच छापील चित्रात फसवू शकते.

पुन्हा तेरला

या तीन परीक्षा दुकानातल्या चित्राला लावून पाहू. वस्तू छापखान्यातली. पुण्यात चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला, मुंबईत रविवर्म्यांचा १८९४ मध्ये. देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली ती अशा छापखान्यांमुळे. चित्रावरचे नाव छापतानाच घातलेले. आणि चित्रकार व गोरोबा यांच्यामध्ये सहाशे वर्षांचे अंतर. तिन्ही परीक्षांत 'नाही'.

मग हे चित्र खोटे का? येथेच माझे उत्तर अपुरे पडले होते. फ्लॉवर चित्रावर खोटे साल घातलेले होते. या चित्राने तसा दावा कधी केलेलाच नाही. आपल्याकडे संतांची चित्रे चेहऱ्यावरून नव्हे, खुणांवरून ओळखली जातात. वीणा आणि चिपळ्या दिसल्या की तुकोबा, पायाखाली चिखल आणि जवळ चाक दिसले की गोरोबा. ही चित्रे चेहरा सांगत नाहीत, गोष्ट सांगतात. तेराव्या शतकातल्या कुंभाराचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहेत. पण ती काढणाऱ्यांच्या काळाचा पुरावा म्हणून अस्सल आहेत. त्या काळातल्या लोकांनी संत कसा कल्पिला, त्याला कोणते पागोटे घातले, घर कसे दाखवले, हे सारे त्यांत वाचता येते.

तेरमध्येच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. केशरचना आणि दागिने इतके स्पष्ट, की मूर्ती जणू कालच केली. पण त्यांतल्या कोणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. एका ठिकाणी चेहरे आहेत, नावे नाहीत. हाकेच्या अंतरावरील देवळात नाव आहे, चेहरा नाही. नाव आणि चेहरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करून पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातला एक जुना फोटो पाहावा आणि वहीत तीन रकाने आखावेत : फोटो केव्हाचा आहे, हे कशावरून, त्यातील व्यक्तीचे नाव कोणी सांगितले, सांगणाऱ्याने त्या व्यक्तीला पाहिले होते का. पणजोबांचा म्हणून भिंतीवर लावलेला फोटो त्यांच्या धाकट्या भावाचा निघाला, तर त्यात पणजोबांचा अपमान नाही. उलट दोन माणसांना आपापली नावे परत मिळतील.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. पुन्हा भेटला तर मी त्याला सांगेन, की गोरोबाकाकांचा चेहरा आपल्याला माहीत नाही आणि कोणी माहीत असल्याचे म्हणाला, तर त्याला हे तीन प्रश्न विचार. त्यांचे मोजके अभंग मात्र आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. आणि प्रश्न विचारलास म्हणून संकोचू नकोस. ज्यांचे चित्र पाहून तू तो विचारलास, त्यांच्याच हातात थापटणे होते.