नगरपालिकेची हरकत नाही

इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय मी तीसेक वर्षं शिकवले. पुस्तक एकच असायचं. पुढे इतिहास आणि मागे नागरिकशास्त्राची शेपटी. परीक्षा जवळ आली की ती शेपटी घाईघाईने उरकायची. त्यामुळे मुलांच्या डोक्यात पक्कं बसायचं की इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सत्याग्रह. नगरपालिका म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती आणि जन्माचा दाखला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांना वाटायचंच नाही.

संबंध मात्र होता, आणि तो नेहमीच्या धड्यातच दडलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, हे वाक्य मुलं तोंडपाठ म्हणत. ते तळं कोणाच्या मालकीचं होतं, हे एवढ्या वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही. ते महाडच्या नगरपालिकेचं होतं. तर आज त्या नगरपालिकेविषयी.

महाड म्हणजे सावित्रीकाठचं जुनं बंदराचं गाव, रायगडाच्या पायथ्याच्या मुलुखातलं. जिल्हा तेव्हा कुलाबा; रायगड हे नाव १९८१ साली आलं. १८६०च्या दशकात इथे नगरपालिका झाली. लहान गावांना असा कारभार देणारा पहिला कायदा १८५० सालचा, पुढे मुंबई इलाख्यात १८७३, १८८४ आणि १९०१ चे कायदे आले. मधे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा तो प्रसिद्ध ठराव, ज्यावर 'टीपा लिहा' हमखास यायची. या कायद्यांनी नगरपालिकेला कामं नेमून दिली. रस्ते झाडणं, कंदील लावणं, गटारं, देवी टोचणं, प्राथमिक शाळा, आग विझवणं, पिण्याचं पाणी. गावातले सार्वजनिक रस्ते, तळी, विहिरी नगरपालिकेच्या ताब्यात आल्या.

चवदार तळं चार-पाच एकरांचं. थोडे झरे आणि बाकी पावसाचं पाणी. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची घरं. काठावरचे बरेचसे घाट आणि बांधलेल्या पायऱ्या त्या घरमालकांच्या. म्हणजे पाणी नगरपालिकेचं, पण पाण्यापर्यंत उतरायची वाट पुष्कळ ठिकाणी खाजगी. हा तपशील मला फार बोलका वाटतो. जनावरांना तिथे मज्जाव नव्हता, अन्य धर्मीयांना नव्हता. अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना होता.

आता 'सार्वजनिक' या शब्दाकडे बघा. नगरपालिकेच्या कायद्यात हा शब्द पानोपानी आहे. पण सार्वजनिक म्हणजे कोण, हे कायदा सांगत नव्हता, गाव ठरवत होतं. गावंच्या गावं झाडून काढणारे, मेलेली ढोरं ओढून नेणारे लोक त्या शब्दात बसत नव्हते. मताचा अधिकारही तेव्हा सगळ्यांना नव्हता. कर, मालमत्ता अशा अटी होत्या, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांचं मतही नाही.

या शब्दाला पहिला धक्का दिला सीताराम केशव बोले यांनी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. त्यातली मेख 'सार्वजनिक पैशातून' या शब्दांत आहे. पुण्यपापाची चर्चा नाही, धर्मशास्त्राचा काथ्याकूट नाही. पैसा कोणाचा, एवढंच विचारलं. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे हुकूम काढला आणि तो प्रश्न गावोगावच्या नगरपालिकांच्या टेबलावर येऊन पडला.

अनेकांनी तो तसाच पडू दिला. महाडच्या नगरपालिकेने मात्र ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. आशय असा, की चवदार तळं अस्पृश्यांना वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही. महाडच्या नगराध्यक्षपदाशी ज्यांचं नाव या सगळ्या प्रकरणात जोडलेलं आहे ते सुरेंद्रनाथ टिपणीस, गावात सुरबानाना, या बाजूचे होते. त्यांना याचं श्रेय दिलंच पाहिजे. जवळपासच्या कितीतरी मोठ्या गावांना एवढंही करवलं नव्हतं.

पण 'हरकत नाही' या शब्दांपाशी मी थांबते. आमचे अण्णा नगरपालिकेत कारकून होते, हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहेच. सभेचं प्रोसिडिंग तेच लिहीत. ठराव कसा वाचायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. 'करण्यात यावे' असं लिहिलंय का, कोणी करावं ते लिहिलंय का, खाली खर्चाचं हेड दाखवलंय का. गटार बांधायचा ठराव असेल तर इंजिनिअर, कंत्राट, रक्कम सगळं येतं. 'हरकत नाही' मध्ये यातलं काहीच नसतं. जो येईल त्याला आम्ही अडवणार नाही, एवढंच. त्याला वाटेत इतर कोणी अडवलं तर काय, यावर त्या शब्दांत उत्तर नाही.

आणि अडवणारे होतेच. ठराव झाला तरी पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर अस्पृश्य समाजातलं कोणी पाणी भरू शकलं नाही.

हे कसं होतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माझं आजोळ एका तालुक्याच्या गावी. तिथली मोठी विहीर नगरपालिकेची होती, रहाटाची. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे १९५८-५९ सालची गोष्ट. काही बायका घागरी घेऊन विहिरीपासून दहा-बारा हात लांब बसून राहायच्या. कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. आजी ओतायची आणि मग परत आमचा हंडा विसळून घ्यायची. तिथे पाटी नव्हती, पोलीस नव्हता, कोणी ओरडतही नव्हतं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. नगरपालिकेत कोणाला विचारलं असतं तर 'आमची हरकत नाही' असंच उत्तर मिळालं असतं, याची मला खात्री आहे.

महाडच्या ठरावाच्या छप्पन्न वर्षं आधी, १८६८ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पुढे १८७६ ते १८८२ ते पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. घरच्या हौदाला सभा लागली नाही, सूचक-अनुमोदक लागले नाहीत. स्वतःचा हौद असला की माणूस एकटा ठरवू शकतो आणि त्याची किंमतही एकटाच देतो. नगरपालिकेचं तसं नसतं. लहान गावचा सभासद सकाळी सभेत हात वर करतो आणि संध्याकाळी त्याच शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसायला जातो. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही, कारभार तसा चालायचा म्हणून सांगते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना यांचा तयारीत मोठा हात होता. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. शेजारी चार-पाच एकर सार्वजनिक पाणी, ठरावाने खुलं केलेलं, आणि हे पाणी विकत घेतात! दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता चित्र्यांनी सुचवलं आणि सगळे लोक बाजारातून शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेब खाली उतरले, ओंजळीने पाणी प्यायले, पाठोपाठ बाकीचे प्यायले. तीन वर्षं कागदावर पडून असलेल्या ठरावाची अंमलबजावणी ही अशी झाली, आणि ती नगरपालिकेने केली नाही, पाणी पिणाऱ्यांनी केली.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. मग तळं 'शुद्ध' केलं गेलं. १०८ घागरी पाणी उपसायचं, त्यात पंचगव्य मिसळायचं आणि परत तळ्यात ओतायचं. चार-पाच एकरांच्या तळ्यातून १०८ घागरी. गणिताच्या बाई आमच्या स्टाफरूममध्ये होत्या, त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि मग गप्प झाल्या.

आणि मग नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांचा ठराव मंजूर झाला तो ४ ऑगस्ट १९२३ चा. बरोबर चार वर्षं. तारखा पाठ करून घेण्यात आयुष्य गेल्यामुळे असल्या गोष्टी माझ्या नजरेत लगेच भरतात. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला होता, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे मानत नाहीत त्यांचं अनुदान सरकारने थांबवावं. म्हणजे अण्णांच्या भाषेत, आता खर्चाच्या हेडालाच हात घातला होता. तरी महाडने मागे पाऊल घेतलं. मत कोणाला होतं आणि कोणाला नव्हतं, हे आठवलं की त्याचं फार आश्चर्य वाटत नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. त्याआधी, १२ डिसेंबरला, काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी तो ठराव मांडला होता. पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी थांबवला. कोर्टाचा हुकूम होता आणि तो मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. जमलेल्या हजारो लोकांना हे सांगणं किती अवघड गेलं असेल! लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पाण्याला कोणी हात लावला नाही.

दावा रेंगाळला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याचं अपील १९३३ मध्ये, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्यांदा पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. (पाठ्यपुस्तकात हे दोन प्रसंग दोन वेगळ्या धड्यांत येतात, म्हणून मुलांना कधी जोडता येत नाहीत.) त्यांच्यासोबत न्यायमूर्ती वाडिया होते.

दावा लावणाऱ्यांचं म्हणणं, हे तळं फक्त सवर्णांनी वापरायचं अशी अनादी काळापासूनची रूढी आहे. अशी स्मरणातीत रूढी सिद्ध झाली नाही, असं हायकोर्टाने सांगितलं आणि अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं आहे, हे आधीच्या कोर्टांत ठरलेलं होतं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ठराव १९२७ सालीच मागे घेतला होता, तरी त्याने काही बिघडलं नाही. नगरपालिकेने हात वर करून 'हरकत नाही' म्हटलं म्हणून तळं सार्वजनिक झालं नव्हतं, आणि पुन्हा हात वर करून 'हरकत आहे' म्हटल्याने ते खाजगी होणार नव्हतं. त्या सभेच्या हातात होतं त्याहून कमी उरलं होतं, हे तिला उमगलं होतं की नाही कोण जाणे.

राज्यघटनेचं कलम १५ काढून बघा, दुसरा भाग. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासून अडवता येणार नाही, आणि पुढे अट आहे, की ती ठिकाणं पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालवलेली असावीत किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेली असावीत. बोल्यांच्या १९२३ च्या ठरावातलीच ती पैशाची कसोटी. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हे कलम वाचायचे तेव्हा 'तलाव' या शब्दाशी थांबून फळ्यावर महाडचा नकाशा काढायचे. तास संपायचा, मूल्यमापनाचे तक्ते राहून जायचे.

आपल्यापैकी कोणी रायगडाला जाणार असेल तर महाडला नुसता चहा पिऊन पुढे जाऊ नका. तळं गावातच आहे, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे, २० मार्चला तर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी नसलेल्या दिवशी जा आणि एक पूर्ण फेरी मारा. ज्या रस्त्यावरून चालाल तो नगरपालिकेचा आहे. त्याच्यापलीकडे घरं आहेत. मधलं अंतर किती आहे ते पायांनी मोजून बघा आणि मला कळवा.