आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर कंपनीची जडणघडण आणि बारामती–इंदापूर परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके प्रामुख्याने ऊस, सहकार आणि शिक्षणसंस्था यांसाठी ओळखले जातात. या परिसरात संगणकशास्त्राचे व अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध झाले असले, तरी पदवीनंतर नोकरीसाठी पुणे शहर किंवा त्याहून दूरचे शहर गाठणे बहुतेक तरुणांना भाग पडते. शिक्षण गावाजवळ आणि रोजगार गावाबाहेर, ही स्थिती समजून घ्यावयाची असेल तर सॉफ्टवेअर कंपनी कोणत्या भूमीत रुजते, हे इतिहासाच्या आधारे पाहावे लागते. त्यासाठी प्रस्तुत लेखात पुण्यात स्थापन होऊन जगभर विस्तारलेल्या ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ या कंपनीचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या वाढीचे टप्पे पाहणे.
२) या वाढीमागील संस्थात्मक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात तिचा अर्थ शोधणे.

पार्श्वभूमी :
२ जुलै १९८१ रोजी एन. आर. नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. तथापि १९८३ मध्ये ही कंपनी बंगळूरला गेली, कारण तिचे पहिले मोठे भारतीय ग्राहक ‘मायको’ तेथे होते. त्या काळात संगणक आयात करण्यासाठी परवान्यांची मोठी यातायात करावी लागे. परदेशी ग्राहकाचे काम बहुधा अभियंत्याला परदेशी पाठवूनच पूर्ण होई. अशा परिस्थितीत नवी कंपनी एखाद्या शहराशी बांधलेली राहावी, असे फारसे काही नव्हते.

पुढील आठ-दहा वर्षांत चित्र पालटले. पुण्यात १९८१ मध्येच टाटा समूहाचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. १९८३ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील आरंभीच्या केंद्रांत पुण्याचा समावेश होता. या योजनेमुळे उपग्रहाद्वारे माहितीची देवाणघेवाण शक्य झाली आणि भारतात बसून परदेशी ग्राहकाचे काम करता येऊ लागले.

पर्सिस्टंट सिस्टिम्सची वाटचाल :
डॉ. आनंद देशपांडे यांनी आय.आय.टी. खरगपूर येथून संगणकशास्त्राची पदवी व अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. काही काळ कॅलिफोर्नियातील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून ते मायदेशी परतले आणि मे १९९० मध्ये त्यांनी पुण्यात ही कंपनी स्थापन केली. माहितीसंचय अर्थात डेटाबेस हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. प्रोग्राम बंद झाल्यावरही टिकून राहणाऱ्या माहितीस या शास्त्रात ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. कंपनीचे नावही तेच आहे.

त्या काळातील बहुतेक भारतीय कंपन्या बँका व कारखाने यांच्या संगणक प्रणाली उभारण्याचे व सांभाळण्याचे काम करीत. पर्सिस्टंटने निराळी वाट धरली. जे स्वतः सॉफ्टवेअर तयार करून विकतात, अशा कंपन्यांसाठी त्यांच्या उत्पादनाचा काही भाग घडविणे हा तिचा मुख्य व्यवसाय झाला. या कामात मनुष्यबळाच्या संख्येइतकेच विषयाच्या सखोल ज्ञानाला महत्त्व होते. २००० मध्ये इंटेलने, तर २००५ मध्ये नॉर्वेस्ट व गॅब्रिएल या गुंतवणूक संस्थांनी तिच्यात भांडवल घातले. एप्रिल २०१० मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. २०२२–२३ या आर्थिक वर्षात तिचे वार्षिक उत्पन्न १ अब्ज डॉलरच्या पुढे गेले व कर्मचारीसंख्या २२,००० हून अधिक झाली. मुख्यालय मात्र पुण्यातच राहिले.

बारामती–इंदापूरच्या संदर्भात :
या परिसराचा स्वतःचा इतिहासही असाच बोलका आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास येथे आले. त्यानंतर ऊसशेती वाढली. माळेगाव व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने १९५० च्या दशकात उभे राहिले. म्हणजे सार्वजनिक सोय आणि तिच्यावर आधारलेला स्थानिक उद्योग यांत सुमारे सात दशकांचे अंतर पडले. संगणकयुगात ‘कालव्या’चे काम शिक्षणसंस्थांनी केले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानने बारामतीत माहिती तंत्रज्ञानाची संस्था काढली आणि २००० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले.

तथापि येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो. त्यामुळे कारखाना शेताजवळ असणे अपरिहार्य ठरते. सॉफ्टवेअर उद्योगाचा कच्चा माल म्हणजे शिकलेला माणूस, आणि तो स्वतःच कारखान्याकडे चालत जातो. म्हणूनच केवळ महाविद्यालय काढल्याने कंपनी येत नाही. पुण्यात महाविद्यालयांच्या जोडीला संशोधनसंस्था, दळणवळणाची सोय आणि परदेशी ज्ञानाशी थेट संबंध असलेली माणसे एकाच वेळी एकत्र आली. बारामती–इंदापूरमध्ये यांपैकी पहिलीच गोष्ट पुरेशी झाली.

दुसरीकडे, या परिसराजवळ पुण्याकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे शेतीतील प्रश्नांचे प्रत्यक्ष ज्ञान. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आणि २०२४ मध्ये तो प्रत्यक्ष शेतावर दिसू लागला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी व जमिनीतील संवेदक यांच्या आधारे पाणी व खत यांचा सल्ला देणे, हे त्याचे स्वरूप आहे.

निष्कर्ष :
१) पर्सिस्टंटच्या वाढीत संस्थापकाच्या कर्तृत्वाइतकाच १९८० च्या दशकात पुण्यात उभ्या राहिलेल्या सार्वजनिक व शैक्षणिक संस्थांचा वाटा आहे.
२) एका विषयातील सखोल ज्ञान हे लहान कंपनीला आंतरराष्ट्रीय स्तरावर नेणारे भांडवल ठरले.
३) बारामती–इंदापूरने पुण्याचे अनुकरण करण्यापेक्षा ऊस, पाणी व दूध यांविषयीचे आपले ज्ञान सॉफ्टवेअरचा विषय करावा. शेतावरील प्रयोगाची प्रणाली परदेशी कंपनीची आणि अनुभव मात्र येथील शेतकऱ्याचा, एवढ्यावरच हा व्यवहार थांबला, तर येथील पदवीधराचा पुण्याकडे जाणारा रस्ता पूर्वीसारखाच एकेरी राहील.