चंदनावर तोललेले सुगंध

अत्तर आवडणे-नावडणे हा ज्याच्या त्याच्या नाकाचा प्रश्न, असे म्हणून सुगंधाविषयीचे बोलणे आपल्याकडे चटकन मिटवले जाते. मला हे मान्य नाही. दोन सुगंध अंगावर लावून त्यांची तुलना करण्याची रीत या देशात शतकानुशतके शिस्तीने पाळली गेली, आणि अत्तरांच्या बाबतीत ती टिकून राहिली याचे मोठे श्रेय चंदनाच्या तेलाला द्यावे लागते. गुलाब, मोगरा, केवडा, खस अशी एकमेकांशी काही नाते नसलेली अत्तरे एकाच चंदनतेलात उतरत. त्यामुळे त्यांच्यातला फरक हा फुलाचा आणि कारागिराच्या हाताचा फरक, एवढे तरी धरून चालता येई. विलायती सेंट आले आणि आपली पारख गेली, असे सर्रास म्हटले जाते. ते कारण दुय्यम आहे. पारख ढासळली ती अत्तराखालचे चंदन निसटल्यामुळे.

ही पारख किती जुनी आहे हे पाहायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण उघडावे. राजकोशात कोणता माल घ्यावा हे सांगताना तिथे चंदनाच्या जाती रंग-गंधासकट दिल्या आहेत आणि मग चांगल्या चंदनाचे गुण येतात : ते हलके असावे, तुपासारखे अंगाला लागावे, कातडीत मुरावे, भडक नसावे, उष्णता सोसणारे आणि दाह ओढून घेणारे असावे, स्पर्शाला सुखद असावे. यातले बहुतेक गुण लाकडाचा तुकडा नुसता हुंगून कळत नाहीत. तो उगाळावा लागतो, लावावा लागतो आणि मग थांबावे लागते. ही परीक्षा कोशासाठी, म्हणजे मालाची किंमत ठरवण्यासाठी होती. ती एखाद्याच्या लहरीवर सोडलेली नव्हती. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर १८२० मिश्रणे होतात, हा हिशेब त्यातलाच. हजारो सुगंध शक्य आहेत हे ज्याला कळले, त्याला ते वेगळे ओळखण्याची गरजही कळलेली असणार.

मराठी वाचकाला या परंपरेत एक जवळचा दुवा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या दोन दुर्मीळ ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातल्या गंधवादावर चक्क मराठी टीका आहे. संस्कृत पोथीतली कृती मराठीत समजावून घेण्याची गरज कोणाला तरी भासली होती, म्हणजे हे ज्ञान केवळ पंडितांपुरते राहिले नव्हते. गंधसारात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत. कोणत्या द्रव्यावर कोणता संस्कार करायचा याची इतकी काटेकोर व्यवस्था लावणारी माणसे अखेरीस ‘आवडले तर छान’ एवढ्यावर थांबली असतील, हे पटत नाही.

तुलनेची कसोटी काय होती? प्रामुख्याने ऋतू. ऐन-ए-अकबरीत अबुल फझलने बादशाही सुगंधखान्यातल्या कृती मापांसह दिल्या आहेत. त्यातल्या अरगजात चंदन आहे, कापूर आहे, गुलाबपाणी आहे, आणि उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी तो वापरतात अशी नोंदही आहे. अत्तराच्या पेढ्यांवर हीच समज टिकली : उन्हाळ्यात खस, गुलाब, मोगरा, पावसाळ्यात माती, थंडीत हिना आणि शमामा. हा व्यापाऱ्यांनी माल खपवण्यासाठी पाडलेला पायंडा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण घामाने ओल्या, तापलेल्या कातडीवर शमामाचा जड मसालेदार गंध असह्य होतो, तर थंडीत खसाचा हिरवा, मुळांसारखा वास अंगावर नीट उमलतच नाही. मे महिन्यात आणि जानेवारीत तेच अत्तर लावून पाहणाऱ्या कोणालाही हे पडताळता येते. ‘कोणते अत्तर श्रेष्ठ’ हा प्रश्न जुन्या गिऱ्हाइकाला अपुरा वाटला असता. कधी आणि कोणाच्या अंगावर, हे आधी सांगावे लागे.

आता चंदनाकडे वळू, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. कनौजच्या भट्टीवर तांब्याच्या डेगीत फुले आणि पाणी भरतात, झाकणाच्या कडा ओल्या मातीने लिंपून बंद करतात. सुतळी गुंडाळलेल्या बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात जाते. हे तांब्याचे निमुळत्या गळ्याचे भांडे पाण्याच्या हौदात बुडवलेले असते आणि त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ तिथे थंडावते आणि तिच्यातला गंध तेल धरून ठेवते. नंतर खाली बसलेले पाणी काढून पुन्हा डेगीत घालतात आणि दुसऱ्या दिवशी ताजी फुले चढवतात. तेल मात्र तेच. तेलात गंध पुरेसा मुरेपर्यंत हे कित्येक दिवस चालते. असे गुलाबाचे अत्तर मनगटावर लावले तर पहिल्या काही मिनिटांत फुलाचा धारदार, किंचित धुरकट वास येतो. तासाभराने धार बोथट होऊन पाकळीचा गोडवा उरतो आणि संध्याकाळी दुधाळ चंदनावर गुलाबाची फिकट छटा राहते. चंदनतेलातली सँटॅलॉल ही द्रव्ये फार सावकाश उडतात, त्यामुळे हलक्या फुलगंधालाही ती धरून ठेवतात.

यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की चंदन स्वतःच इतके सुगंधी आहे की दिवस कलताना सगळी अत्तरे सारखीच वाटू लागतात, मग तुलना कसली? पण मिसळ सर्वांत सारखी असेल तर ती वजा करता येते. नाक तेच शिकत असे. मोगरा दुपारी चंदनात विरला आणि केवडा रात्रीपर्यंत त्यावर तरंगत राहिला, हे कळायला खालचा थर एकच असावा लागतो. दुसरा आक्षेप असा की चंदन ही निव्वळ काटकसर होती. यात तथ्य आहे. गुलाबाचे शुद्ध तेल जहांगीराच्या दरबारात माहीत होते. तापलेल्या गुलाबपाण्यावर जमणारा तवंग नूरजहाँच्या आईने वेगळा काढला, अशी नोंद बादशहाने स्वतः आपल्या आठवणींत केली आहे. पण एक किलो तेलासाठी साडेतीन-चार हजार किलो फुले लागत असतील, तर ते कितीजणांना परवडणार? तरीही केवळ काटकसर करायची असती तर तिळाचे तेल चंदनापेक्षा किती तरी स्वस्त होते, आणि फुलांत मुरवलेले तीळ गाळून केसांसाठी फुलेल बनवलेही जात होते. अत्तरासाठी मात्र कारागिरांनी चंदनच धरले, कारण तिळेल खवट होते आणि गंध लवकर सोडते. मातीच्या अत्तरात तर फूलच नसते. भाजलेल्या मातीतून निघणारा गंध इतका अल्प की चंदनाने तो पकडला नाही, तर कुपीत काहीच उरणार नाही.

हे चंदन गेले कुठे? टिपू सुलतानाने १७९२ मध्ये म्हैसूर राज्यात चंदनाला शाही वृक्ष ठरवले. राज्यकर्ते बदलले, सरकारी हक्क राहिला. स्वतःच्या शेतात उगवलेल्या झाडावर आपली मालकी नाही म्हटल्यावर ते कोण जपणार? गाभा भरायला दशके लागणाऱ्या या झाडाची तोड आणि चोरी होत राहिली, लागवड मात्र झाली नाही. कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून मालकी शेतकऱ्याला दिली, तोवर तेलाचे भाव अत्तरवाल्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. भपक्यात लिक्विड पॅराफिन आणि थॅलेट जातीची गंधहीन द्रावके आली.

स्वस्त अत्तर सामान्य माणसाला परवडू लागले, हा त्याचा फायदा मी नाकारत नाही. ज्याला चंदनाचे अत्तर कधीच घेता आले नसते, त्याच्या कानातही आज सणाला फाया असतो. तक्रार आहे ती न सांगण्याची. कुपीवर ‘गुलाब’ एवढेच लिहिलेले असते. एक चंदनातला, दुसरा पॅराफिनमधला, तिसरा प्रयोगशाळेतल्या रसायनांचा. तिघांची तुलना करून ‘यंदाचा गुलाब फिका आहे’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा दोष फुलाचा की तेलाचा, हे विक्रेत्यालाही नेमके सांगता येत नाही. विलायती परफ्यूमवर हा आरोप करता येत नाही. ते अल्कोहोलात विरघळवलेले असते हे जाहीर आहे. हूबिगाँ या फ्रेंच पेढीने १८८२ मध्ये ‘फुजेर रॉयाल’ या परफ्यूममध्ये कूमरिन हे कृत्रिम गंधद्रव्य वापरले, तेही परफ्यूमच्या इतिहासात उघडपणे नोंदलेले आहे.

शेतकऱ्यांनी लावलेले चंदन आता काही ठिकाणी वाढते आहे, आणि आपल्याच चंदनाच्या जातीची मोठी लागवड पश्चिम ऑस्ट्रेलियातही झाली आहे. ते तेल भपक्यात परत येईल तेव्हा महागच असेल. म्हणून कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर पुढची मागणी एवढीच असायला हवी, की कुपीवर फुलाच्या नावाखाली तेलाचेही नाव छापावे.