नाटक शेजारच्या गावात ऐकू येतं, मग मंडपातल्या शेवटच्या रांगेत संवाद का कळत नाहीत?

धानाचा हंगाम आटोपला की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. गडचिरोलीतलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं मुख्य केंद्र. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि या नाटकांचं नाव देशभर पोचलं.

रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तिकीट काढून मागे बसलेल्या प्रेक्षकाला मात्र कधी कधी नुसता गोंगाट ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. तेच नाटक शेजारच्या गावातल्या लोकांची झोप मोडतं. हे कसं होतं?

आवाज पोचतो, शब्द पोचत नाही

आवाजात जाड आणि बारीक असे दोन्ही स्वर असतात. ढोलकीचा ठेका, गाण्यातला बेस हा जाड आवाज चहूकडे पसरतो आणि लांबवर जातो. संवाद कळतो तो स, त, क, च यांसारख्या बारीक आवाजांमुळे. हे आवाज स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात आणि वाटेतली माणसं, शाली, घोंगड्या ते शोषून घेतात.

त्यात हिवाळ्याची रात्र. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असते. अशा हवेत वर गेलेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो. म्हणून दुपारी ऐकू न येणारा भोंगा रात्री दूरच्या शिवारातही ऐकू येतो.

व्हॉल्यूम वाढवून काय होतं?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. समजा स्पीकर प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवलाय. पहिली रांग १० फुटांवर आणि शेवटची ८० फुटांवर आहे. १० चे २०, २० चे ४०, ४० चे ८०, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं. फरक पडला १८ डेसिबलचा. १० डेसिबल कमी झालेला आवाज कानाला जवळपास निम्मा वाटतो. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवला तर पुढच्यांचे कान दुखतात आणि मागच्यांची तक्रार तशीच राहते.

उपाय: उंची आणि कल

तोच स्पीकर प्रेक्षकांच्या कानापेक्षा १२ फूट उंच नेला तर पहिल्या रांगेचं खरं अंतर साडेपंधरा फूट होतं, शेवटच्या रांगेचं ८१ फूट. फरक १४ डेसिबलवर येतो.

आता स्पीकरचं तोंड खाली झुकवून शेवटच्या एक-दोन रांगांकडे रोखा. ८० फुटांत १२ फूट उतार म्हणजे साधारण साडेआठ अंशांचा कल. यामुळे मागच्यांना स्पीकरचा सरळ मारा मिळतो. पुढचे त्या माऱ्याच्या खाली बसतात, म्हणून त्यांच्याकडचा आवाज आपोआप सौम्य होतो. फरक आणखी कमी होतो आणि मंडपाबाहेर जाणारा आवाजही घटतो.

कल बरोबर आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. शेवटच्या रांगेत खाली बसा आणि स्पीकरकडे पाहा. त्याचं तोंड थेट तुमच्याकडे दिसलं पाहिजे.

आणखी चार गोष्टी

१. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजते.

२. दोन्ही बाजूंचे स्पीकर किंचित आत वळवा. शाळेच्या भिंतीवर किंवा टिनावर रोखू नका, आवाज आपटून परत येतो.

३. मंडप फार लांब असेल तर मध्ये दुसरी जोडी लावतात. पण विजेच्या तारेतून आवाज लगेच पोचतो आणि हवेतून फुटाला ०.९ मिलीसेकंद घेतो. ५० फुटांवरच्या जोडीला मिक्सरवर ४५ मिलीसेकंद आणि वर आणखी दहाएक असा डिले द्या. नाहीतर एकच संवाद दोनदा ऐकू येतो. डिलेची सोय नसेल तर मधली जोडी लावूच नका.

४. उंच स्टँडला तळाशी वजन द्या आणि दोरांनी ताण द्या. गर्दीवर पडलेला बॉक्स जीव घेऊ शकतो.

तपासणी कशी करायची?

एकाने रंगमंचावर गाणं न लावता संवाद म्हणावा, दुसऱ्याने पुढून मागे आणि चारही कोपऱ्यांत फिरावं. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अचूक नसतो, पण पुढचा-मागचा फरक कळायला पुरतो. मंडप भरल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन ऐका, कारण रिकामा मंडप आवाज कमी शोषतो.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, सवलत सभागृहासारख्या बंद जागांना. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभर चालणाऱ्या नाटकांसाठी हा प्रश्न अवघड आहे आणि तो स्पीकर वळवून सुटत नाही. पण आवाज मंडपातच राहिला तर शेजारच्या गावाची तक्रार कमी होते आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही संवाद कळतो.