मणिबेलीचं नाव

परवा अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. "मामा, आपल्या नंदुरबारचं नाव जगात कुणाला माहीत असेल का रे?" शाळेत काहीतरी लिहून न्यायचं होतं त्याला. मी सवयीने हुतात्मा शिरीषकुमारची गोष्ट सांगितली. फोन ठेवला आणि मणिबेली आठवली.

अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं हे आदिवासी गाव. सरदार सरोवराने बाधित झालेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी पहिलं. १९८५ साली जागतिक बँकेने धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेव्हा आपला जिल्हाही धुळ्यातच होता. मेधा पाटकरांच्या नर्मदा बचाव आंदोलनाने खोऱ्यातून असा आवाज उठवला, की बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसनाचे वाभाडेच काढले आणि मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज बंद झालं.

पण धरण थांबलं नाही. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

पुढच्याच वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी एका जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. मागणी एकच, बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं. नाव ठेवलं 'मणिबेली जाहीरनामा'. त्यातल्या कितीजणांनी सातपुडा पाहिला असेल? तरी गावाचं नाव त्यांना पाठ झालं.

आणि गावची माणसं? काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. घरची बोली ना मराठी ना गुजराती, आता कचेरीचा कागद मात्र गुजराती. महाराष्ट्रातल्या विस्थापितांसाठी तळोद्याचं ४२०० हेक्टर जंगल मोकळं केलं. तिथे आधीपासून जमीन कसणारे आदिवासी होतेच, त्यांना ही नवी माणसं कशी आवडावीत? दोन्ही बाजू गरिबांच्याच.

माझं बालपण तळोद्यातलं. बाजारात ही माणसं दिसायची. आमच्या घरी त्यांना सरसकट 'धरणग्रस्त' म्हणायचे. तुमचं गाव कुठलं, असं आम्ही कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी ते नाव जपलं आणि आम्ही शेजारी राहून पुसून टाकलं.

असो. रात्री भाच्याला परत फोन लावला. म्हटलं, "लिही, मणिबेली." सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तू कधी गेला होतास तिथे?"

मी म्हटलं, "नाही रे."