दाढीच्या ब्रशवरचा एक शब्द

मागच्या डिसेंबरात चोरबाजारातून दाढीचे दोन जुने ब्रश घेतले. एक वापरून वापरून बोडका झालेला, पिवळट मुठीचा. दुसरा खोक्यातला, कधीच न वापरलेला. काळी मूठ, केस अजून ताठ. दुकानदाराने पहिल्याचे दीडशे सांगितले आणि दुसऱ्याचे नऊशे. ‘कोरा माल आहे साहेब, शंभर वर्षांचा.’ शंभर की साठ, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. बाबा अजून फोमच्या डब्याला हात लावत नाहीत. वाटीत साबण, ब्रशने फेस, मग रेझर. त्यांच्या साठीला कोरा ब्रश द्यायचा आणि बोडक्यावर आपण हात साफ करून घ्यायचा, असा बेत होता.

रविवारी बोडक्याची मूठ ओल्या फडक्यावर टूथपेस्ट घेऊन घासायला बसलो. साबणाचं पुट निघालं तशी तळाशी इंग्रजी अक्षरं दिसू लागली. कंपनीचं नाव झिजून गेलं होतं. एकच शब्द वाचता आला : ‘स्टरिलाइज्ड’. म्हणजे निर्जंतुक केलेला.

दाढीच्या ब्रशवर हा शब्द कशाला? कंगव्यावर कुणी असं कोरत नाही. कोऱ्या ब्रशचं खोकं उलटंपालटं करून पाहिलं, मूठ पाहिली. त्यावर हा शब्द कुठेच नव्हता.

उत्तर शोधता शोधता पहिल्या महायुद्धात पोचलो. १९१५ पासून पुढची काही वर्षं ब्रिटन आणि अमेरिकेत पुरुषांच्या गालावर किंवा मानेवर एक पुळी येऊ लागली. आधी खाज, मग फोड, आजूबाजूला सूज, आणि मधोमध काळी ठिक्कर खपली. बहुतेक वेळा ती दुखत नसे, त्यामुळे पहिले काही दिवस माणूस दुर्लक्ष करी. हा अँथ्रॅक्स होता. आपल्याकडे गुरांना होतो तेव्हा त्याला फाशी म्हणतात आणि माणसाला होतो तेव्हा काळपुळी. ग्रीक ‘अँथ्रॅक्स’चा अर्थ कोळसा. दोन्हीकडच्या लोकांनी तीच खपली पाहून नाव ठेवलं. त्या काळात प्रतिजैविकं नव्हती आणि त्वचेचा अँथ्रॅक्स उपचाराविना राहिला तर शंभरातले दहा-वीस रोगी दगावतात.

गुरांचा रोग शहरातल्या माणसाच्या गालावर आला कुठून? तपास करणाऱ्यांना आढळलं की यातल्या अनेकांनी नुकताच दाढीचा नवा ब्रश घेतला होता.

उत्तम ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. ते महाग, म्हणून स्वस्तात नक्कल करायची तर घोड्याचे केस घ्यायचे, ब्लीच करायचे आणि मधे बॅजरसारखा गडद पट्टा रंगवायचा. हे केस रशिया, सायबेरिया, चीनकडून येत. एखादं जनावर अँथ्रॅक्सने मेलेलं असलं, तर त्याच्या केसांवर जंतूंचे बीजाणू राहतात. रोबर्ट कॉखने १८७६ मध्ये या जंतूचं जीवनचक्र दाखवून दिलं, त्यातली मेख हीच : परिस्थिती प्रतिकूल झाली की जंतू बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. मग दाढी करताना गालावर बारीकसा काप जातो आणि त्याच जागी आपण ब्रश गोल गोल घासतो. कुणाला मुद्दाम लस टोचायची असती, तरी याहून सोयीची पद्धत सुचली नसती.

पण घोड्याच्या केसांचे ब्रश काही युद्धामुळे जन्मले नव्हते. मग आधी हे का होत नव्हतं? इथे मला माझाच धंदा आठवला. युद्धापूर्वी हा माल बराचसा जर्मनी-फ्रान्समार्गे येई आणि तिथे तो निर्जंतुक केला जाई. युद्ध पेटलं, ती वाट बंद झाली, आणि केस पूर्वेकडून थेट अमेरिकेत उतरू लागले. मधली पायरी गळाली. ब्रश बनवणाऱ्याला ती कधी दिसलीच नव्हती, तर चुकल्यासारखं तरी काय वाटणार? आमच्याकडे कोपऱ्यातला एखादा जुना सर्व्हर ‘कोणी वापरत नाही’ म्हणून बंद करतात आणि तीन दिवसांनी भलत्याच विभागातून बोंब येते, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की आमच्याकडे कुणाच्या गालाला सूज येत नाही.

त्यात दाढी ही लष्करी गरज झालेली. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा घट्ट बसायचा तर चेहरा गुळगुळीत हवा. अमेरिकी लष्कराने १९१८ मध्ये जिलेटकडून ३५ लाखांच्या आसपास रेझर घेतले. सैनिकांच्या सामानात ब्रशही आला, तोही स्वस्तातला. सैनिक आणि नागरिक मिळून, दोन्ही देशांत दोनशेहून अधिक लोकांना ब्रशमुळे काळपुळी झाल्याची नोंद आहे. त्या युद्धाच्या मानाने हा आकडा काहीच नाही, पण ही माणसं आरशासमोर उभी होती.

१९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशच्या आयातीवर बंदीच घातली. पण ब्रश हे रोगाचं एक टोक होतं. दुसरं टोक कारखान्यांत होतं आणि कितीतरी जुनं होतं : ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार याच बीजाणूंची धूळ छातीत घेऊन मरत. १९२१ मध्ये लिव्हरपूलला सरकारी निर्जंतुकीकरण केंद्र सुरू झालं. तिथे लोकर आणि केस आधी साबण-सोड्याच्या कोमट पाण्यात धूत, म्हणजे बीजाणूंवरचं रक्त आणि चरबीचं कवच सुटे. मग फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात बुडवत. भारतातून जाणारे बकरीचे केसही याच बंधनाखाली आले.

त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली होती. तिच्या अगदी सुरुवातीच्या शिफारशींपैकी एक अँथ्रॅक्सबद्दल होती : लोकर निर्यात करणाऱ्या देशात निर्जंतुक करा, ते जमत नसेल तर ज्या बंदरात उतरते तिथे करा. थोडक्यात, ती गळालेली पायरी नक्की कुणाची हे ठरवा. या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. लोअर परळच्या ज्या रस्त्यावर आज काचेच्या इमारतींत माझ्यासारखे लोक लॅपटॉप घेऊन बसतात, त्या ना. म. जोशी मार्गाचे ना. म. जोशी ते. तो रस्ता मी रोज ओलांडत होतो, माणूस मात्र ब्रशमुळे भेटला.

मुठीवरचा शब्द या सगळ्यातून आला. गिऱ्हाइकांचा विश्वास परत मिळवायला उत्पादक तो ब्रशवर छापू लागले.

तर, माझ्यासमोर दोन ब्रश. खरं सांगायचं तर इतक्या जुन्या ब्रशमुळे आज काळपुळी होण्याची शक्यता फारच कमी आहे. शिवाय माझा कोरा ब्रश कदाचित १९६० चाही असेल, आणि मग हा सगळा इतिहास त्याला लागूच नाही. पण तारीख नाही, शब्द नाही, आणि त्या काळी संशय नव्या ब्रशवरच होता. शंभर वर्षं न वापरलेला ब्रश म्हणजे शंभर वर्षं नवाच राहिलेला ब्रश. संग्राहक ज्या कोरेपणाचे जास्त पैसे मोजतात, तोच इथे नडतो.

‘उकळून घे की’, असं आई म्हणाली. घरगुती उकळीने सगळे बीजाणू नक्की मेले, याची खात्री देता येत नाही आणि प्रेशर कुकरमध्ये केस-डिंक दोन्हींची वाट लागेल. फॉर्मल्डिहाइड घरात आणायची गोष्ट नाही. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर दुसऱ्या महायुद्धात अँथ्रॅक्सच्या चाचण्या झाल्या. ते बेट १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेल्या फॉर्मल्डिहाइडने भिजवून काढावं लागलं आणि १९९० मध्ये कुठे सुरक्षित जाहीर झालं. हे वाचल्यावर आईने कुकर परत मागितला.

शेवटी बोडकाच निवडला. शब्दावर विश्वास ठेवला, पण अर्धाच. हातमोजे घालून केस साबणाच्या पाण्यात बुडवूनच कापले, खुंट ओला ठेवून हळूहळू कोरून काढला. ड्रिल लावलं नाही, कारण कोरडी धूळ उडायला नको होती. खाच निघाली बावीस मिलिमीटरची. त्यात कृत्रिम धाग्यांचा तयार गुच्छ इपॉक्सीने बसवला. पहिल्यांदा तिरका बसला, दुसऱ्यांदा जमला. मूठ चमकवताना तळाकडे गेलो नाही.

बाबांनी पहिल्याच दिवशी वाटीभर फेस काढला. ‘केस गळत नाहीत’, एवढंच म्हणाले. मग चष्मा लावून तळ पाहिला आणि विचारलं, ‘हे काय लिहिलंय?’ चहा गार झाला तरी मी सांगत होतो.

कोरा ब्रश खोक्यासकट दोन पिशव्यांत बंद करून माळ्यावर ठेवलाय. परवा चोरबाजारवाल्याचा फोन आला, त्या ब्रशला एक गिऱ्हाईक आहे, हजार देतो म्हणाला. देत नाही म्हटलं.