करोल बागेची वेलवांगी

टोमॅटोचं आपल्याकडचं जुनं नाव वेलवांगी, वऱ्हाडात भेदरं. १९३४च्या भूकंपात बिहारमधल्या पुसाची कृषी संशोधन संस्था मोडली आणि १९३६ साली ती दिल्लीला, करोल बागेच्या शेजारी आली. गाव सुटलं, नाव टिकलं! पुढे या संस्थेने 'सू' या अमेरिकी वाणाच्या संकरातून 'पुसा रुबी' काढला. तो गच्चीवरच्या कुंडीतही येतो. पण दिल्लीचा जानेवारी! पारा १०च्या खाली राहिला की फळ पिकणं जवळजवळ थांबतं, दव गोठलं तर झाडच करपतं. म्हणून पूर्ण भरलेली हिरवी फळं आधीच उतरवायची आणि आंब्यासारखी आढी लावायची. सोबत पिकलं केळं ठेवा, त्याचा इथिलीन वायू रंग चढवतो. अगदी कोवळी मात्र नीट पिकत नाहीत. त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी.